पोहोचल्याचा फोटो

आमच्या घराण्यात चार पिढ्यांत कोणी रस्ता चुकलेलं नाही. कोणी चुकले असतील तर ते परत आले नसतील, त्यामुळं तसं सांगणारं कोणी नाही.

अब्बा ट्रॅक्टरचे मिस्त्री, मीही ट्रॅक्टरचा मिस्त्री. आता ट्रॅक्टर कधी डांबरी सडकेवर बंद पडत नाही. तो पडतो ओढ्याच्या पलीकडं, नांगरटीच्या मधोमध, जिथं जाताना माणसाला आपल्या आयुष्याचा फेरविचार करावासा वाटतो. तिथं पाटी नसते. अब्बांना पाटी लागायचीही नाही. दुरुस्तीला आलेल्या ट्रॅक्टरच्या टायरातलं ढेकूळ नाकाला लावून ते सांगायचे, हा गडी वडवणीकडचा, विहिरीनं तळ गाठलाय आणि बायकोशी बिनसलंय. हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बायकोचं कसं ओळखलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, त्याच्या फडक्यात भाकरी आहे, कोरड्यास नाही.

माझी कला वेगळी. मी विचारत जातो. लोकांना वाटतं रस्ता विचारायला काय लागतं, तोंड तर लागतं. पण पारावर पाच माणसं बसली असली तर त्यातल्या कोणाला विचारायचं हे कळायला उमर जाते. तंबाखू मळणाऱ्याला विचारावं. त्याचे हात गुंतलेले असतात म्हणून तो मानेनं दाखवतो, आणि मान सहसा खोटं बोलत नाही. बोटानं दाखवणारा माणूस दोन वाटांच्या बरोबर मधे बोट धरतो. शिवाय शब्दांचा हिशोब ठेवावा लागतो. 'हे काय, हितंच' म्हणजे तीन मैल. 'थोडं लांब हाय' म्हणजे पेट्रोलची टाकी हलवून बघा. आणि 'लई लांब न्हाई' असं कोणी म्हणालं, की घरी निरोप ठेवूनच पुढं जावं.

या विद्येवर मी बेचाळीस वर्षांचा झालो. मग सडक रुंद झाली.

केजच्या बाहेर सडकेच्या कडेला माझं दुकान होतं. चार पत्रे, एक लिंब आणि लिंबाला टांगलेलं एक जुनं रेडिएटर, हीच पाटी. रुंदीकरणात लिंब गेला, पत्रे गेले, माझ्या पान्यांच्या पेटीच्या जागेवरून आता ट्रक जातात, आणि तेही हॉर्न न वाजवता. मी घरी बसलो. तीन महिने बसलो. पहिल्या आठवड्यात मिक्सर दुरुस्त केला, दुसऱ्यात नळ, तिसऱ्यात शेजारणीच्या शिलाई मशीनची अशी काही सुधारणा केली की ती आजतागायत उलटी शिवते. चौथ्या आठवड्यात घरातलं बिघडलेलं सगळं संपलं आणि मी चालू वस्तू उघडायला लागलो. तेव्हा बायको म्हणाली की या घरात आता नीट चालणारी मीच एकटी उरलेय, माझ्यावर पाना लावायच्या आत कुठंतरी कामाला लागा.

बीडला ट्रॅक्टर विकणारी एक मोठी शोरूम आहे. तिला फिरता मिस्त्री पाहिजे होता, केजच्या आसपासच्या गावांसाठी. मी गेलो. साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, इतका सडपातळ की पंख्याखाली बसताना टेबलाला धरून बसायचा. त्यानं मला पाना धरता येतो का ते विचारलं नाही. फोन धरता येतो का ते विचारलं. मग नियम सांगितला. तक्रार फोनवर येणार. तिच्यासोबत लोकेशन, म्हणजे नकाशावरचा एक लाल ठिपका. ठिपक्यावर दीड तासात पोहोचायचं, तिथं उभं राहून स्वतःच्या तोंडाचा फोटो काढायचा. मशीन फोटो तपासतं, जागा तपासतं, आणि हिरवी खूण देतं. एक महिना बघणार. महिन्यात तीनदा उशीर झाला की घरी.

मी म्हणालो, साहेब, आणि ट्रॅक्टर चालू झाला न झाला, त्याचं?

साहेब म्हणाला, ते पुढच्या व्हर्जनमध्ये येणार आहे.

तर असा मी फोन मोटारसायकलच्या हँडलला बांधून कामाला लागलो. फोनमधली बाई शाळेतल्या बाईंसारखी स्वच्छ मराठी बोलायची. बायकोनं पहिल्याच सकाळी चहा गाळता गाळता तिचं बोलणं ऐकलं आणि विचारलं, ही उजवीकडं वळा म्हणाली की तुम्ही लगेच वळता का? मी म्हणालो, वळावंच लागतं. मग दिवसभर आमच्या घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

माझी खरी पंचाईत सुरू झाली ती दिशांनी. निघायच्या वेळी बाई म्हणायची, ईशान्येकडे जा. आता ईशान्य म्हणजे कुठं? आमच्याकडं उगवत आहे, मावळत आहे, वरलं अंग आहे, खालचं अंग आहे. ईशान्य मी फक्त घरभरणीच्या गप्पांत ऐकलेली. चार दिशांतली मला एकच पक्की ठाऊक, पश्चिम, कारण दिवसातून पाच वेळा तिच्याकडं तोंड करतो. खरं सांगायचं तर पाच वेळा होत नाही, पण दिशा पक्की आहे. मग मी आधी पश्चिमेकडं तोंड करून उभा राहायचो, तिथून बोटं मोजत ईशान्य काढायचो, आणि तोवर बाई रस्ता बदलून मोकळी झालेली असायची.

पहिला उशीर वडवणीकडच्या एका गावाला झाला. वाटेत तंबाखू मळणारे दोन जण दिसले, मी त्यांना विचारलं नाही. नोकरीवर होतो ना. बाई म्हणाली सरळ जा, मी सरळ गेलो. समोर पाझर तलाव. ती सडक तलाव व्हायच्या आधीची, तलावाखाली गेलेली; नकाशाला कोणी कळवलं नव्हतं. बाई म्हणतेय सरळ जा, आणि समोर म्हशी मानेपर्यंत पाण्यात बसून माझ्याकडं बघताहेत. मी गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरून दहा पावलं गेलो. का गेलो ते आजही सांगता येत नाही. इतक्या ठाम आवाजात मला आयुष्यात कोणी काही सांगितलेलं नव्हतं, कदाचित म्हणून असेल. एका म्हशीनं बाजूला होऊन वाट दिली, तेव्हा मला माझी लाज वाटली आणि मी मागं फिरलो. वळसा घालून पोहोचेपर्यंत दोन तास वीस मिनिटं. एक उशीर.

त्या दिवसापासून अब्बा मागच्या सीटवर बसायला लागले. अब्बांचं वय सत्तरीच्या पुढं, गुडघे दुखतात, डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पण मोटारसायकलवर बसले की पंचविशीचे होतात. म्हणाले, ती बाई तुला फसवती, मी येतो. आणि वाटभर तिच्याशी वाद. ती म्हणाली डावीकडे, की अब्बा विचारायचे, तू कोणत्या गावची, तुझ्या बापाचं नाव काय, या शिवारात कधी पाय ठेवलास का. ती उत्तर द्यायची नाही. अब्बा म्हणायचे, बघ, घाबरली.

मग तो माळ आला.

चौसाळ्याच्या अलीकडं डोंगरात एक खोलगट खोरं आहे, त्यात तीन वस्त्या. तिथून तक्रार आली, ट्रॅक्टर बंद. ठिपका उघडला, बाईच्या मागोमाग गेलो, दगडधोंड्यांचा एक चढ चढून वर पोहोचलो. बाई म्हणाली, तुम्ही पोहोचला आहात. बघतो तर उघडा माळ. एक बाभळ, तिच्याखाली पंधरा-वीस माणसं, आणि प्रत्येकाचा एक हात वर. मला वाटलं, इथं मतदान चाललंय. जवळ गेलो तर कळलं, रेंज. खालच्या तिन्ही वस्त्यांत फोनला काडीची रेंज नाही, ती फक्त या माळावर, तीही बाभळीच्या मावळतीच्या अंगाला. मग ज्याला बोलायचं असेल तो वर येतो. कोणी मुलीशी बोलतं, कोणी दवाखान्याशी, कोणी भांडतं. आणि ज्याचा ट्रॅक्टर बिघडतो, तो इथं येऊन तक्रार करतो आणि इथूनच लोकेशन धाडतो. त्या खोऱ्यातला प्रत्येक माणूस नकाशाच्या हिशोबानं या बाभळीखाली राहतो. तिन्ही वस्त्या, दीडशे घरं, सगळ्यांचा एक पत्ता.

मी नियमाप्रमाणं फोटो काढला. मशीननं हिरवी खूण दिली: वेळेत पोहोचलात. मग फाट्यावर परत उतरून, वळसा घालून, खोऱ्यातल्या ट्रॅक्टरपाशी पोहोचायला पाऊण तास लागला. शेतकरी बांधावर वाट बघून वाळला होता. म्हणाला, "कावून बे मिस्त्री, किती येळ?" मी म्हणालो, मी वेळेत पोहोचलोय, ही बघ खूण. तो त्या खुणेकडं बघत राहिला. मग ट्रॅक्टरकडं बघितलं. मग परत खुणेकडं. शेवटी मलाच त्याच्याकडं बघवेना.

पंधरा दिवसांनी त्याच खोऱ्यातून दुसरी तक्रार आली. या वेळी मी शहाणा झालो होतो. माळावर गेलोच नाही. फाट्यावरच विचारलं, मान डावीकडं हलली, वीस मिनिटांत ट्रॅक्टरपाशी. काम करून, हात धुऊन, पिठलं-भाकरी खाऊन, मालकाच्या तीन पिढ्यांची चौकशी करून निघालो. गडी खूश, त्याची आई खूश, अब्बा तर इतके खूश की वाटेत त्यांनी बाईला माफ केलं. केजजवळ रेंज आली तेव्हा मशीननं सांगितलं: पोहोचला नाहीत. दुसरा उशीर.

त्या रात्री मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. जिथं काम नव्हतं तिथं मी पोहोचलो होतो, आणि जिथं काम केलं तिथं मी पोहोचलोच नव्हतो. बेचाळीस वर्षांत आपण कुठं आहोत असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दुकान होतं तेव्हा दुकानात आहोत हे ठाऊक होतं. लिंब होता, त्याच्याखाली आहोत हे ठाऊक होतं. मी अब्बांना विचारलं, माणूस पोहोचला हे ठरवायचं कसं? अब्बा उजव्या कुशीवर होते, चांगला कान उशीत, त्यांना ऐकू गेलं नाही. बायको म्हणाली, पोहोचायचं जाऊ द्या, महिन्याचे नऊ दिवस राहिलेत, तेवढे नीट काढा.

आठ दिवस नीट निघाले. कशी अल्लाची कृपा, सगळ्या तक्रारी सडकेच्या कडेच्या. शेवटच्या दिवशी सकाळी फोन वाजला आणि ठिपका उघडला तर तीच बाभळ.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. खोऱ्यातल्या एका वस्तीतली टोळी ऊस तोडायला निघाली होती. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांना सांगतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, आणि त्यात अख्खा संसार: पातेली, पाण्याचे ड्रम, कडबा, शेळ्या, कोंबड्या, लेकरं. दाराला कड्या लावायच्या, चुलीत पाणी ओतायचं, आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापाशी नारळ फोडायचा. नारळ फुटला की निघायचं. त्यानंतर घराचा उंबरा ओलांडायचा नाही, विसरलेला तांब्या आणायलासुद्धा नाही. सहा महिन्यांनी परत येऊनच कडी काढायची. नारळ फुटला, ट्रॅक्टर वीस पावलं चालला आणि बंद पडला. ड्रायव्हर धावत माळ चढला आणि तिथून त्यानं तक्रार केली.

मला फोन लावून तो एवढंच बोलला, "मिस्त्री, नारळ फुटलाय. सकाळधरनं समदी ट्रॉलीतच हायेत."

मुकादमाच्या बाकीच्या गाड्या चौसाळ्याला हमरस्त्यावर उभ्या होत्या. बारापर्यंत थांबतो म्हणाला होता. त्या गाड्या गेल्या की मागं राहिलेल्या टोळीला कारखान्यावर जागा मिळेल का, कोण जाणे. मी आणि अब्बा फाट्यावर पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि माझ्या दीड तासातली पंचवीस मिनिटं उरली होती.

फाटा म्हणजे दोन वाटा. उजवीकडची माळावर, वीस मिनिटं. डावीकडची खोऱ्यात, तीही वीस मिनिटं. उजवीकडं गेलो तर हिरवी खूण आणि पक्की नोकरी, पण परत खाली येऊन ट्रॅक्टर चालू करून तो चौसाळ्याला पोहोचेपर्यंत बारा वाजून जाणार. डावीकडं गेलो तर टोळी सुटेल आणि मी तीन उशिरांचा धनी होऊन घरी, मिक्सरपाशी. मी गाडी बंद केली. बाई म्हणाली, उजवीकडे वळा. मी वळलो नाही. मग ती काही बोलली नाही, आणि खरं सांगतो, तिच्या त्या गप्प बसण्याचा मला राग आला. इतके दिवस बडबडलीस, आता सांग की.

मी अब्बांना सगळं समजावून सांगितलं. उजव्या कानात, दोनदा. अब्बा घरात दखनी बोलतात आणि सडकेवर मराठी, पण निकाल द्यायचा असला की दखनीतच.

म्हणाले, "जगा दो, अपन दो. इसमें परेशानी क्या?"

तेवढ्यात फाट्यावर एक दूधवाला आला, दोन्ही अंगांना किटल्या लावलेला. तो माळावरच निघाला होता, डेअरीला दुधाचा आकडा कळवायला. अब्बांनी त्याला हात केला. मी नको नको म्हणेपर्यंत ते दोन किटल्यांच्या मधे बसले होते, गळ्यात माझा फोन, हातात चौदा नंबरचा पाना. पाना कशाला म्हणालो, तर म्हणाले, फोटोत मिस्त्री दिसला पाहिजे ना बे.

मी डावीकडं गेलो. हँडलवर फोनची जागा रिकामी, कानात आवाज नाही. दोन मैल गेल्यावर मला जाणवलं की मी वळणावर थांबून कोणीतरी सांगायची वाट बघतोय. एका महिन्यात मी इतका बिघडलो होतो. पुढं कापूस वेचणाऱ्या बाया दिसल्या. विचारलं, बंद ट्रॅक्टर कुठाय? एक जण ओच्यातला कापूस न सोडता मान हलवून म्हणाली, त्या कोंबड्या ओरडतात तिकडं. इतका साफ पत्ता मला महिन्यात मिळाला नव्हता.

ट्रॅक्टर वस्तीच्या तोंडाशी उभा. दोन्ही ट्रॉल्यांत माणसं गच्च बसलेली. कोणी खाली उतरलेलं नाही, कारण उतरून जायचं कुठं, घरं मागं वीस पावलांवर. मागं राहिलेले म्हातारे तांब्यांनी पाणी वर देत होते, पाहुण्यांना द्यावं तसं. चाकापाशी नारळाच्या करवंट्या. एक म्हातारी पुढच्या ट्रॉलीत शेळीला धरून बसली होती. तिनं मला विचारलं, "तुमी वरून आलात का?" मी म्हणालो, नाही मावशी, खालूनच आलो. ती म्हणाली, "बरं झालं. वरून येणारा लई उशिरा येतो."

डिझेलच्या नळीला बारीक चीर पडली होती, तिनं हवा धरली होती. ट्यूबची पट्टी कापून गुंडाळली, तार आवळली, पंपावरचा बोल्ट सैल करून हवा काढली. एवढं करताना दोन्ही ट्रॉल्यांतली माणसं श्वास धरून बघत होती, शेळीसुद्धा. मी वाढवून सांगत नाही, शेळीनं खरंच चारा चघळायचा थांबवला होता. चावी फिरवली. ट्रॅक्टर दोनदा खोकला, काळा धूर टाकला आणि धरला.

ड्रायव्हरनं गिअर टाकला. मी चालत्या ट्रॉलीला विचारलं, कोणत्या गावाला चाललात? म्हातारी म्हणाली, "मुकादमाला ठाव." पाठमोऱ्या घरांकडं कोणी बघितलं नाही. कोणत्या गावचा फड, कोणाचं रान, काही ठाऊक नसलेली ती चाळीस-पन्नास माणसं किती सरळ चालली होती. आणि मी, ज्याच्याकडं महिनाभर आकाशातल्या उपग्रहांवरून रस्ता सांगणारा फोन होता, तो त्या अर्ध्या रिकाम्या वस्तीत उभा राहून, आपण आता कुठं जायचं, हा विचार करत होतो. मग आठवलं, अब्बा वर आहेत.

माळावर गेलो तर अब्बा बाभळीखाली मधोमध बसलेले, भोवती लोक. फोनवर बोलायचं सोडून सगळे त्यांचं ऐकत होते. ते एका ट्रॅक्टरची गोष्ट सांगत होते जो त्यांनी नुसता रागावून चालू केला होता. मला बघून त्यांनी फोन पुढं केला. फोटो दूधवाल्यानं काढला होता. एका कोपऱ्यात त्याचा अंगठा, एका कोपऱ्यात किटली, मधे अब्बा: मेंदीनं लाल केलेली दाढी, डोक्यावर टोपी, छातीशी पाना, आणि इतकं हसू की खालची पडलेली दाढ दिसावी. खाली हिरवी खूण. चेहरा जुळला. वेळेत पोहोचलात.

मी अब्बांना म्हणालो, जुळला कसा? अब्बा म्हणाले, माझाच पोरगा हायेस, जुळणार न्हाई तर काय. आणि ती बाई पोहोचलात म्हणाली तेव्हा मी तिला शुक्रिया बेटी म्हणालो, एवढी काही वाईट नाही ती.

दुसऱ्या दिवशी बीडला गेलो. साहेबानं संगणकात बघितलं. महिना पूर्ण, उशीर दोन. म्हणाला, अभिनंदन, तुम्ही पक्के. कागद पुढं केला, पेन पुढं केलं.

आता मी माणूस कसा आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. थोडं वाढवून सांगतो, थोडं झाकून. पण त्या कागदावर माझं नाव होतं आणि त्याच्या खाली चिकटवलेला तो फोटो होता, आणि माझा हात काही पुढं जाईना. मी साहेबाला सगळं सांगितलं. नारळ, ट्रॉल्या, किटल्या, सगळं. अब्बांची दाढसुद्धा दाखवली फोटोत.

साहेबानं फोटो मोठा केला. मग माझ्याकडं बघितलं. मग परत फोटोकडं.

"म्हणजे फोटोत कोण आहे?"

"अब्बा."

"आणि ट्रॅक्टर कोणी चालू केला?"

"मी."

"मग पोहोचलं कोण?"

"साहेब, मी तेच तुमाला इचारायला आलतो."

साहेब खुर्चीत मागं टेकला. पहिल्यांदाच त्यानं टेबल सोडलं. मग हळू आवाजात म्हणाला की चाचा, मशीन जुळलं म्हणतंय. आता जुळलं नाही असं मी म्हणालो, तर मशीनची तक्रार वर करावी लागेल, आणि ती कुठं करायची हे मलाच कोणी सांगितलेलं नाही. असं म्हणून तो खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. तलावात दहा पावलं आत गेलेल्या माणसाचा असतो तसा.

मी सही केली. त्यानंही केली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

बाहेर आल्यावर बायकोचा फोन. म्हणाली, "लागली का?" मी म्हणालो, लागली. ती म्हणाली, मग आवाज असा का? मी म्हणालो, लागली खरी, पण कोणाला लागली ते घरी येऊन सांगतो.

घरी सांगायची वेळच आली नाही. मी दारात पोचेपर्यंत अब्बांनी अर्ध्या गल्लीला सांगून टाकलं होतं की या वयात त्यांना बीडच्या शोरूमनं पक्कं केलंय, तोंड बघून. शोरूमकडून एक शर्ट मिळाला होता, निळा, खिशावर ट्रॅक्टरचं चित्र. मी तो खुंटीला अडकवला. सकाळी कामावर निघायला शर्ट शोधतो तर खुंटी रिकामी. अब्बा मोटारसायकलपाशी उभे, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बाह्या हाताच्या बोटांपर्यंत आलेल्या.

मी म्हणालो, अब्बा, तो माझा आहे.

अब्बा म्हणाले, कागदावर फोटो कोणाचा हाय?

बायको दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, अब्बांकडं बघितलं, आणि ती आत गेली. हँडलवर फोन वाजला, कुठल्याशा गावाचा ठिपका आला होता. मी घरातल्या जुन्या शर्टात पुढं बसलो आणि अब्बा कामावरच्या शर्टात मागं.